हवेतल्या कणांचं रसायन मोजणारं जाळं: ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीच्या एका काठाला कोपरी, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड. दुसऱ्या काठाला ऐरोलीपासून थेट तळोज्यापर्यंतचा पट्टा. या दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर फिल्टर लावून हवेतले बारीक कण गोळा करायचे आणि ते कशाचे आहेत हे प्रयोगशाळेत शोधायचं, हे आमचं काम. सोसायट्यांचे सेक्रेटरी, कॉलेजची मुलं, पत्रकार आणि आमच्याकडे नव्याने रुजू झालेले सहाय्यक असे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं बरीच लांबली आहेत, कारण खरी मेख तिथेच आहे.

मोबाईलवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) दिसतोच. तुम्ही वेगळं काय मोजता?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवरचा आकडा हवेत प्रदूषण किती ते सांगतो, ते कुठून आलं हे सांगत नाही. समजा, घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असा आकडा आला. तुर्भ्यात तो ट्रकच्या धुरामुळे येऊ शकतो, कुठे कचरा जाळल्यामुळे, तर जानेवारीतल्या एखाद्या दिवशी शेकडो किलोमीटरवरून वाहत आलेल्या सल्फेटमुळे. आकडा एकच, पण करायची उपाययोजना तिन्ही ठिकाणी वेगळी. रस्त्यावर पाणी मारून डिझेलचा धूर कमी होत नाही आणि पीयूसी तपासून कचऱ्याची आग विझत नाही.

आम्ही पीएम २.५ चं, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचं, पृथक्करण करतो. त्यातलं सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, सेंद्रिय कार्बन, काजळीतला काळा कार्बन आणि ॲल्युमिनियमपासून शिशापर्यंतची मूलद्रव्यं वेगवेगळी मोजतो. सरकारी स्वयंचलित केंद्रांची जागा आम्हाला घ्यायची नाही. उलट, आमचं वजन बरोबर आहे का हे पाहायला त्यांचे आकडे फार उपयोगी पडतात.

एका फिल्टरवर असे किती कण जमतात?

सॅम्पलर, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणारं आमचं यंत्र, मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो. २४ तासांत २४ घनमीटर होतात. हवेत बरोब्बर राष्ट्रीय मर्यादेइतके, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम कण असले, तर दिवसाअखेर फिल्टरवर १.४४ मिलिग्रॅम जमतात. मिठाचे वीस-पंचवीस दाणे म्हणा. एवढ्याशा ऐवजातून तीस-पस्तीस घटक वेगळे काढायचे असतात. आर्सेनिकची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६ नॅनोग्रॅम आहे. हवा नेमकी त्या पातळीवर असली तर फिल्टरवर आर्सेनिक येणार जेमतेम १४४ नॅनोग्रॅम. पुढच्या उत्तरांत आम्ही हातमोजे, चिमटे आणि रिकामे फिल्टर यांच्याबद्दल एवढं का बोलतो, ते यावरून लक्षात येईल.

एकाच गच्चीवर तीन-तीन फिल्टर कशाला?

सगळं पेलेल असा फिल्टर अजून कुणी बनवलेला नाही, म्हणून.

टेफ्लॉनचा फिल्टर वजनाला आणि मूलद्रव्यांना उत्तम. तो फारसा ओलावा धरत नाही आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या (क्ष-किरण पाडून मूलद्रव्यं मोजणाऱ्या) यंत्रात घातला तरी जसाच्या तसा परत मिळतो. पण टेफ्लॉनमध्येच कार्बन आहे, त्यामुळे कार्बन मोजायला तो बाद. त्यासाठी क्वार्ट्झच्या तंतूंचा फिल्टर लागतो. तो भट्टीत आधीच तासन् तास भाजून घ्यावा लागतो, नाहीतर त्याच्यावर मुळातच असलेला कार्बन आपण हवेच्या नावावर खपवतो. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन, म्हणून धुळीतलं सिलिकॉन त्याच्यावर मोजता येत नाही. शिवाय त्याच्या कडा झडतात, त्यामुळे वजनही भरवशाचं नाही. तिसरा नायलॉनचा. अमोनियम नायट्रेट उष्णतेने विरतं, टेफ्लॉनवरून चक्क उडून जातं. नायलॉन ते धरून ठेवतो. त्याच्या वाटेवर आधी एक नळी असते. हवेत वायुरूपात असलेलं नायट्रिक आम्ल ती आधीच टिपून घेते, नाहीतर वायूचं मोजमाप कणांत मिसळेल.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हा नायट्रेटचा मुद्दा पुस्तकी राहत नाही. फक्त टेफ्लॉनवर विसंबलं, तर उन्हाळ्यात नायट्रेट 'नाहीच' असा निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा असतो.

जागा कशा निवडता? आमच्या नाक्यावर का नाही?

नाक्यावर मोजलं तर नाका कळतो, शहर कळत नाही. दोन्ही माहिती असायला हवं, पण यंत्रं मोजकी असली की आधी शहर.

इथला भूगोल समजून घ्या. ठाणे-बेलापूर पट्टा खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या बेचक्यात आहे. दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि मुंबईच्या बाजूची, म्हणजे ट्रॉम्बे-माहुल, देवनारकडची हवा खाडी ओलांडून वाशी-नेरुळकडे सरकते. रात्री वारा मंदावतो, उलटा वाहतो आणि हिवाळ्यात तर जवळपास थांबतोच; मग एमआयडीसीचं आणि रस्त्यांचं जे काही असेल ते जमिनीलगत साचतं. त्यामुळे वाऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक केंद्र लागतं. शिवाय रस्ते-कारखाने यांच्यापासून लांब, येऊरच्या बाजूसारखी एखादी जागा लागते. तिथे जे सापडतं ते बाहेरून आलेलं. शहरातल्या केंद्रातून ते वजा केलं की शहराचं स्वतःचं उरतं.

सल्फेटचे आकडे सगळ्या केंद्रांवर जवळपास सारखे येतात, कारण सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट व्हायला तास किंवा दिवस लागतात आणि तोवर ते दूरवर पसरलेलं असतं. काळा कार्बन आणि जस्त मात्र गल्लीगणिक बदलतात. म्हणून सल्फेटसाठी दोन केंद्रं पुरतात आणि काळ्या कार्बनसाठी दहाही कमी पडतात. जाळं आखताना आमची सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बसवायचं तर काय लागेल?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष सोपे आहेत. हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर, झाडांपासून २० मीटरपेक्षा लांब, आणि शेजारची इमारत जेवढी उंच वर डोकावत असेल त्याच्या दुपटीहून जास्त अंतरावर असावं. चारपैकी तीन दिशांनी वारा मोकळा यायला हवा. म्हणजे बावीस मजली टॉवरची गच्ची आम्हाला नको. शाळा, ग्रंथालय किंवा जुनी तीन मजली इमारत हवी.

निकषांत नसलेल्या, पण अनुभवाने आम्ही विचारतो त्या गोष्टी: डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) नळकांडं कुठे सुटतं? खाली हॉटेल असेल तर त्याच्या तंदूरची चिमणी कुठे? गच्चीवरच्या देवळात धूप लागतो का? टाकी साफ करणारी माणसं पाण्याचा फवारा कुठवर मारतात? कबुतरं? गच्चीची किल्ली सकाळी सात वाजता कुणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण चुकलेल्या नमुन्यांचं सगळ्यात मोठं कारण हरवलेली किल्ली हेच असतं.

त्या यंत्रातून रेडिएशन येतं का?

नाही. त्यात एक पंप, एक घड्याळ आणि प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. सरकारी स्वयंचलित केंद्रांतल्या काही यंत्रांत वजन काढायला अगदी क्षीण बीटा स्रोत असतो, तोही बंदिस्त. आमच्यात तेवढाही नाही. पंपाची घरघर मात्र असते, वरच्या मजल्यावर ऐकू येऊ शकते.

रोज का मोजत नाही?

पैसे आणि माणसं. सॅम्पलर एकदा घेतला की झालं, पण पृथक्करणाचा खर्च प्रत्येक फिल्टरमागे पडतो.

दर तिसऱ्या दिवशी मोजलं तर वर्षाला १२१-१२२ नमुने होतात, आणि तीन व सात या आकड्यांचं जमत नसल्यामुळे सोमवार ते रविवार सगळे वार सारखे येतात. दर सातव्या दिवशी मोजलं तर आयुष्यभर फक्त रविवार मोजत बसाल. राष्ट्रीय हवा देखरेख कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस असा रिवाज आहे. अमेरिकेच्या 'इम्प्रूव्ह' जाळ्यात दर तिसरा दिवस. ते जाळं १९८५ साली राष्ट्रीय उद्यानांतली दृश्यता का कमी होते हे शोधायला उभं राहिलं आणि आजही त्याच तीन-चार फिल्टरांच्या पद्धतीने चालतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने चाललेल्या 'कोअलेस' प्रकल्पात देशभर प्रादेशिक ठिकाणी अशाच प्रकारे कण गोळा केले गेले.

मग दिवाळी वेळापत्रकात आली नाही तर?

जादा नमुने घेतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा फिल्टर डोळ्यांनाही ओळखू येतो. त्याच्यावर पोटॅशियम, गंधक आणि ॲल्युमिनियम चढलेलं असतं, शिवाय तांबड्या रंगाचं स्ट्रॉन्शियम आणि हिरव्या रंगाचं बेरियम. फटाक्यांत बेरियमवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. ती किती पाळली जाते ते पाहायला हा फिल्टर पुरेसा आहे. पण हे जादा नमुने वार्षिक सरासरीत धरत नाही. सण निवडून मोजायचा आणि त्याची सरासरी सगळ्या वर्षावर लादायची, हे बरोबर नाही.

गच्चीवर येणारा मुलगा पाच मिनिटांत फिल्टर बदलून जातो. एवढंच काम?

पाच मिनिटांत जाणारा मुलगा आम्हाला नको आहे!

आल्यावर तो आधी यंत्राच्या पाटीवरचे आकडे लिहून घेतो: पंप किती वेळ चालला, एकूण किती हवा गेली, सरासरी प्रवाह, तापमान, हवेचा दाब. रात्री वीज गेली होती का, ते यंत्रच सांगतं. महावितरणच्या देखभालीच्या शटडाऊनमध्ये सात-आठ तास गेले तर तो नमुना २४ तासांचा म्हणता येत नाही. मग नवे हातमोजे. फिल्टरची कॅसेट काढायची, झाकण लावायचं, त्याच्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहायचा, जेल पॅकच्या पेटीत ठेवायची. पेटी ४ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे आणि आत तापमान नोंदणारा चिमुकला लॉगर असतो. मे महिन्यात पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून कुणी चहाला थांबलं, तर तो लॉगर चुगली करतो. नव्या कॅसेटनंतर गळती तपासणी, ठरलेल्या दिवशी वेगळ्या मीटरने प्रवाहाची तपासणी, सायक्लोनची (जाडे कण बाजूला काढणाऱ्या भागाची) सफाई.

प्रवाहाला एवढं महत्त्व का? प्रवाह कमी झाला तर हवा कमी मोजली जाते, ते गणितात दुरुस्त करता येतं. पण कण छाटणारा सायक्लोन विशिष्ट प्रवाहालाच २.५ मायक्रोमीटरवर छाटतो. प्रवाह घसरला की तो जाडे कणही आत सोडतो आणि फिल्टरवर माती वाढते. ते नंतर कुठल्याही गणिताने निस्तरता येत नाही.

आणि शेवटी लॉगबुकातला शेरा. "शेजारच्या गच्चीवर टाइल कापत आहेत." "समोर डांबर टाकलं." "खाली कुणीतरी टायर जाळला." तीन महिन्यांनी कॅल्शियमचा आकडा एकदम उसळलेला दिसतो तेव्हा याच एका ओळीमुळे तो समजतो. शेरा लिहिणारा सहाय्यक आम्हाला नव्या यंत्रापेक्षा जास्त प्यारा आहे.

काही फिल्टर तुम्ही नेता आणि हवा न ओढताच परत आणता. हा काय प्रकार?

आमच्या कामाचा कणा. त्यांना ब्लँक म्हणतात. हा फिल्टर बाकीच्यांसारखाच वजन करून, पेटीत घालून गच्चीवर नेला जातो, सॅम्पलरमध्ये बसवला जातो, पंप सुरू न करता काढला जातो आणि परत आणून त्याचंही पृथक्करण होतं. त्याच्यावर जे सापडेल ते हवेतलं नव्हे, ते आमचं. हातमोज्याच्या पावडरीतलं, कॅसेटच्या प्लॅस्टिकचं, प्रवासातलं, फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यातलं. ते मोजून वजा केल्याशिवाय कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

नवख्यांना हे वाया घालवलेले पैसे वाटतात. एका फिल्टरचं पृथक्करण महागडं, आणि त्यात आपण मुद्दाम 'काहीच नसलेला' फिल्टर घालायचा! बजेट आखडतं तेव्हा हात पहिल्यांदा ब्लँकवरच पडतो. आमचं मत स्पष्ट आहे: एक केंद्र बंद करा, ब्लँक बंद करू नका. क्वार्ट्झच्या बाबतीत तर हे फारच खरं. तो हवेतल्या सेंद्रिय वाफा शोषून घेतो आणि कणांतला कार्बन असल्यापेक्षा जास्त दिसतो. ही भर किती, ते ब्लँक आणि मागे लावलेला दुसरा फिल्टर या दोघांवरूनच कळतं. स्वच्छ दिवशी, विशेषतः पावसाळ्यात, सेंद्रिय कार्बनच्या आकड्यातला मोठा वाटा या वाफांचाच असू शकतो.

याशिवाय एका केंद्रावर शेजारी-शेजारी दोन सारखे सॅम्पलर चालवतो. दोघांत जेवढा फरक, तेवढी आमच्या मोजमापाची अनिश्चितता. हा फरक अहवालात छापतो. तो पाहून काही जणांना आमचं काम कच्चं वाटतं. न छापणाऱ्यांचा फरक किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

वजन करायला एवढी खास खोली लागते?

खोलीचं तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के, आणि फिल्टर त्यात किमान २४ तास मुरवलेला. जुलैत महापे-रबाळ्याच्या बाहेरच्या हवेत आर्द्रता नव्वदीला टेकते. अमोनियम सल्फेट साधारण ८० टक्के आर्द्रतेला आणि समुद्राचं मीठ ७५ टक्क्यांना पाणी पिऊन द्रवरूप होतं. म्हणजे बाहेरच्या हवेत वजन केलं तर कणांपेक्षा पाणीच जास्त मोजलं जाईल.

तराजू १ मायक्रोग्रॅमपर्यंत वाचतो. फिल्टर कडेच्या कड्याला चिमट्याने धरायचा, स्थिर विद्युत घालवणाऱ्या पट्टीजवळून न्यायचा, पारड्यात ठेवायचा, काचेचं दार लावायचं आणि हात मांडीवर ठेवून आकडा थांबायची वाट पाहायची. एसीचा झोत वळला तरी शेवटचा आकडा नाचतो. थोड्या-थोड्या फिल्टरांनंतर प्रमाणित वजन ठेवून तराजूची परीक्षा घ्यायची. त्यात तो नापास झाला, तर आधीच्या परीक्षेनंतरचे सगळे फिल्टर पुन्हा तोलायचे.

पावसाळ्यात बंद ठेवता का?

नाही. पावसात हवा धुतली जाते, आकडे खाली येतात आणि म्हणूनच ते मोलाचे: स्थानिक स्रोत थोडेफार उघडे पडतात. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर सोडियम-क्लोरीन येतं, म्हणजे अरबी समुद्राचं मीठ. पाणी आत जाऊ नये म्हणून हवा ओढणाऱ्या तोंडाखाली बरणी असते. ती वेळेवर ओतली नाही तर फिल्टर भिजतो आणि नमुना रद्द. स्क्रू गंजतात, ते दर वर्षी बदलायचे.

रात्री कोपरखैरणे-वाशीत रसायनाचा उग्र वास येतो. तुमच्या फिल्टरवर का सापडत नाही?

वास बहुतेक वेळा वायूंचा असतो आणि वायू फिल्टरमधून आरपार जातात. सॉल्व्हंटचा वास, खाडीला ओहोटी लागल्यावर चिखलातून येणारा हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास, यांतलं काही आमच्या हाती लागत नाही. त्यासाठी वायू पकडणाऱ्या वेगळ्या नळ्या किंवा यंत्रं लागतात. वास आला की वेळ, ठिकाण आणि वारा कुठून होता ते लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. वेळेशिवाय केलेली तक्रार तपासायला कठीण जाते. आणि वास आला नाही म्हणजे हवा चांगली, असंही समजू नका. सल्फेटला वास नसतो.

कुठल्या घटकावरून कुठला स्रोत ओळखता?

हा सगळ्यांचा आवडता प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गफलतीही इथेच होतात.

माती-धूळ म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम, टायटॅनियम, लोह. त्यात कॅल्शियम वरचढ झालं की सिमेंट आणि बांधकामाकडे पाहायचं. आपला मुलूख दख्खनच्या काळ्या दगडाचा. बेसॉल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम मुळातच जास्त. परदेशी पुस्तकातलं मातीचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावलं, तर जादा लोह पोलाद कारखान्याच्या नावावर जातं. म्हणून पारसिकच्या कुशीतल्या दगडखाणीची भुकटी, सायन-पनवेल महामार्गाच्या कडेची धूळ, खाडीकाठची माती वेगवेगळी गोळा करून, चाळून, पुन्हा फिल्टरवर उडवून तिचं प्रमाण आम्ही काढतो. याचाच उलटा फायदाही होतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई परिसर पांढुरका झाला होता. अशी वाळवंटी धूळ दख्खनच्या धुळीपेक्षा तिच्या प्रमाणावरून वेगळी काढता येते.

डिझेलच्या धुरात काळा कार्बन जास्त. लाकूड, पालापाचोळा जळतो तेव्हा सेंद्रिय कार्बन जास्त, सोबत पाण्यात विरघळणारं पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान नावाची साखर, जी लाकडातलं सेल्युलोज जळल्यावरच तयार होते. बेकऱ्यांच्या भट्ट्या, स्मशानं, थंडीतल्या वॉचमनच्या शेकोट्या, सगळं यात येतं.

तांबं, अँटिमनी, बेरियम हे ब्रेक झिजल्याचं लक्षण, जस्त टायरचं. पण जस्त भंगार वितळवण्यातूनही येतं आणि कचरा जाळण्यातूनही. शिसं एकेकाळी पेट्रोलचं चिन्ह होतं. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, आता शिसं दिसलं तर बॅटऱ्यांचं पुनर्चक्रण किंवा कचऱ्याची आग शोधायची. सोडियमच्या सोबतीने आलेलं क्लोरीन समुद्राचं. सोडियम नसताना आलं तर प्लॅस्टिक जळलं का ते पाहायचं. उलट, सोडियम आहे आणि क्लोरीन कमी, म्हणजे मीठ शहराच्या आम्लयुक्त हवेत बराच वेळ फिरलेलं आहे.

व्हॅनेडियम आणि निकेल ही जहाजांच्या जड तेलाची खूण. दोन मोठी बंदरं उशाशी असल्यामुळे आम्हाला तिच्यात फार रस. पण १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, इंधन बदललं आणि व्हॅनेडियमही घटलं. जहाजं तेवढीच आहेत, ओळखपत्र मात्र पुसट झालं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलचंही तसंच: गंधक १० पीपीएमवर आलं, म्हणून ट्रकचा शोध गंधकावरून घेण्यात अर्थ उरला नाही.

एकाच घटकावर कधी विसंबू नये, हे एव्हाना लक्षात आलं असेलच.

मग कुठल्या कारखान्यामुळे प्रदूषण होतं ते नाव घेऊन सांगा.

नाही सांगता येणार. शंभराच्या वर नमुने जमले की पीएमएफ नावाच्या सांख्यिकी पद्धतीने कुठले घटक एकत्र वर-खाली होतात ते काढतो. त्यातून गट निघतात. त्यांना 'वाहनं', 'ज्वलन', 'धूळ' ही नावं माणूस देतो. त्या नावात अभ्यासकाचा अंदाज मिसळलेला असतो, म्हणून गटाचा मूळ घटक-आराखडा पाहिल्याशिवाय अशा कुठल्याही वर्तुळाकृती आलेखावर विश्वास ठेवू नका, आमच्याही. वाऱ्याची दिशा जोडली तर 'तळोज्याच्या बाजूने' इथवर येता येतं. गेटच्या आत जाऊन धुराड्यात मोजायचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे.

आकडे बरोबर आहेत हे कशावरून?

आम्हाला सगळ्यात आवडणारी तपासणी सांगतो. टेफ्लॉनवरचं गंधक क्ष-किरणांच्या यंत्रात मोजलं जातं, नायलॉनवरचं सल्फेट पाण्यात उतरवून आयन क्रोमॅटोग्राफ या वेगळ्या यंत्रावर. फिल्टर वेगळे, यंत्रं वेगळी, माणसं वेगळी. गंधकाचं अणुवस्तुमान ३२, अख्ख्या सल्फेट आयनाचं वस्तुमान ९६. म्हणजे सल्फेट गंधकाच्या जवळपास तिप्पट यायला हवं. आलं तर गच्चीपासून संगणकापर्यंतची साखळी शाबूत. एखाद्या केंद्रावर ते अडीचपट यायला लागलं, तर दोनपैकी एका फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचा प्रवाह बहुधा बिघडला आहे आणि उद्याच माणूस पाठवायचा.

दुसरी तपासणी बेरजेची. सगळे घटक मिळवले की वजनाच्या जवळ जायला हवं. नुसती बेरीज कमी भरते, कारण धुळीतल्या ऑक्साइडांचा ऑक्सिजन आणि सेंद्रिय पदार्थांतला हायड्रोजन-ऑक्सिजन आम्ही थेट मोजत नाही. म्हणून सेंद्रिय कार्बनला १.४ ते १.८ ने गुणतात, सल्फेटला १.३७५ ने गुणून अमोनियम सल्फेट धरतात. थोडं पाणी तरीही हिशेबाबाहेर राहतं. बेरीज वजनापेक्षा बरीच जास्त आली, तर मात्र काहीतरी चुकलं आहे.

तुमच्या तक्त्यात काही आकडे वजा आहेत. हवेत वजा निकेल कसं असेल?

हवेत नसतं, मोजमापात असतं. नमुन्यावर जवळपास काहीच नसलं आणि त्यातून ब्लँकची सरासरी वजा केली, तर उत्तर कधी शून्याच्या किंचित वर, कधी किंचित खाली येतं. खालचे सगळे शून्य करून टाकले तर सरासरी फुगते. म्हणून वजा आकडे तसेच ठेवतो. वापरणाऱ्याने शेजारचा अनिश्चिततेचा रकाना पाहावा.

निकालाला दोन-तीन महिने का लागतात?

फिल्टर एकेक तपासत नाहीत, ब्लँकसकट गठ्ठ्याने तपासतात. मुरवणं, वजन, क्ष-किरण, मग विरघळवणं, मग तपासण्या. आजची हवा आज हवी असेल तर सरकारी केंद्र पाहा.

स्वस्त सेन्सर घरोघरी लावले तर हे जाळं कशाला?

ते कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. रसायन त्यांना दिसत नाही. पावसाळी दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. पण कचरा किती वाजता पेटला, ते सेन्सर मिनिटाला सांगतो आणि आमचा २४ तासांचा फिल्टर कधीच सांगू शकत नाही. आमच्या सॅम्पलरशेजारी काही काळ ठेवून ताडून घेतला, तर आनंदाने वापरा.

मर्यादा कोणती मानता?

भारताची २००९ ची मानकं: पीएम २.५ साठी वार्षिक ४० आणि २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अनुक्रमे ५ आणि १५. रासायनिक घटकांपैकी शिसं, आर्सेनिक, निकेल आणि बेंझो-ए-पायरिन यांना आपल्याकडे मर्यादा आहेत. सल्फेट किंवा काळ्या कार्बनला नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नवी मुंबई आहे, पण तिथे शहरांचं प्रगतिपुस्तक मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांवर ठरतं. त्यामुळे झाडूगाड्या आणि पाण्याचे टँकर लवकर येतात, ज्वलनाचे स्रोत मागे राहतात. रस्ते झाडायला आमची हरकत नाही. पण बारीक कणांत ज्वलनाचा हिस्सा मोठा असेल, तर पैसाही तिकडे जायला हवा.

आकडे आम्हाला वापरता येतील का?

हो. तक्त्यासोबत असलेले शेऱ्यांचे रकाने मात्र काढून टाकू नका. ज्या दिवशी 'वीज खंडित', 'फिल्टर ओला' किंवा 'जवळ बांधकाम' असा शेरा आहे, तो दिवस वापरायचा की नाही हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. आम्ही फक्त हमखास बाद नमुने काढतो. पृथक्करण झाल्यावर टेफ्लॉनचे फिल्टर शीतकपाटात जपून ठेवले जातात. एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या फिल्टरवर नवी चाचणी करायची असेल, तर आधी चाचणीत फिल्टर शाबूत राहतो की नष्ट होतो ते लिहून कळवावं. नष्ट होत असेल तर अर्धाच फिल्टर मिळेल.